मेंदूची लहर म्हणजे मनातली गोष्ट नव्हे

मेंदूतील विजेची नोंद घेणारे यंत्र आज इस्पितळापुरते राहिलेले नाही. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली अशी नोंद घेतली. आता 'ओपनबीसीआय'सारखी सर्किटे हौशी विद्यार्थीही विकत घेऊन टेबलावर मांडतात.

मांडणी सोपी वाटते : डोक्यावर इलेक्ट्रोड, थोडी पेस्ट, कानाच्या पाळीला चिमटा आणि समोर लॅपटॉप. परंतु पडद्यावर प्रथम दिसते ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची थरथर! चार्जर काढून ती गाळली, की पापणी लवल्याचे उंचवटे आणि दात आवळल्याचा गोंधळ. शेवटी डोळे मिटून स्वस्थ बसले, म्हणजे डोक्याच्या मागील भागावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर उमटते. डोळे मिटले एवढे ती सांगते. मिटल्या डोळ्यांआड काय चालले आहे, ते सांगत नाही.

हा भेद विसरण्याची किंमत मोठी असते. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवालही ग्राह्य धरून जन्मठेप सुनावली. पुढे ५ मे २०१० रोजी, कर्नाटकातून गेलेल्या 'सेल्वी' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडून पाहिला. आठ वाहिन्यांचे सर्किट प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला २५० आकडे घेते. म्हणजे सेकंदाला दोन हजार, तासाला ७२ लाख. हे आकडे बिनतारी लॅपटॉपवर येतात आणि तेथून दुसऱ्या कोणत्याही संगणकाकडे पाठवता येतात. आपल्या भरवेलीच्या खाणीतून निघणाऱ्या मॅंगनीजचेसुद्धा वजन होते, नोंद होते. मग माणसाच्या डोक्यातून निघालेला माल बिनपावतीचा का जावा?

प्रयोग बंद करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट प्रत्येक महाविद्यालयात हे यंत्र यावे. लहर स्वतः पाहिलेला विद्यार्थी 'मन वाचणाऱ्या' जाहिरातीला सहज भुलणार नाही. मात्र यंत्राआधी एक वही यावी. डोके कोणाचे, नोंद कशासाठी, ती कोण पाहणार, केव्हा पुसणार, हे लिहून खाली त्याची स्वतःची सही घ्यावी. सही नसेल, तर इलेक्ट्रोड लावू नये.