गाळा घेताय? माणसं नंतर मोजा, आधी वाटा मोजा!



गाळा बघायला गेलो की आपण पहिलं काय विचारतो? "आजूबाजूला फ्लॅट किती?" माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न अपुरा आहे. त्या फ्लॅटमधून तुमच्या दारापर्यंत वाटा किती येतात, ते आधी बघा. नाहीतर डिपॉझिट जातं आणि गिऱ्हाईक येतच नाही.

हे समजायला बीजिंगचं उदाहरण घ्या. तिथल्या जुन्या भागात 'हुतोंग' आहेत, म्हणजे अरुंद गल्ल्या. गल्लीला गल्ली जोडलेली, त्यामुळे माणूस पायी फिरतो आणि जाता-जाता काहीतरी घेतो. पुढे शहर पसरलं. एकामागून एक रिंग रोड झाले. सहावा 2009 मध्ये पूर्ण झाला, लांबी सुमारे 188 किलोमीटर. बाहेरच्या भागात रुंद रस्ते आले आणि मध्ये भिंतीआडच्या अवाढव्य वसाहती. माणसं भरपूर, गेटं मोजकीच!

आता हिशोब करा. समजा, वसाहतीची एक बाजू 500 मीटर. गेट पूर्वेला, तुमचं दुकान पश्चिमेच्या भिंतीबाहेर. म्हणजे गिऱ्हाइकाला एक किलोमीटरचा वळसा. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. खिडकीतून तुमची पाटी दिसते हो, पण दुधाच्या पिशवीसाठी एवढं कोण चालणार? तो मोबाईलवरूनच मागवणार.

चीन सरकारलाही हे खटकलं. फेब्रुवारी 2016 मध्ये धोरण आलं : नव्या वसाहती बंदिस्त नकोत, रस्ते अरुंद पण जाळं दाट हवं. 2020 पर्यंत शहरात दर चौरस किलोमीटरला सरासरी 8 किलोमीटर रस्ते, असं लक्ष्य ठेवलं. जुन्या वसाहतीही हळूहळू खुल्या करायच्या होत्या. त्यावर रहिवासी चिडले. सुरक्षिततेचं काय? आवाराचे पैसे आम्ही मोजलेत ना? त्यांचंही चूक नाही. म्हणून सांगतो, "उद्या इथून रस्ता निघणार आहे" या भरवशावर आज गाळा घेऊ नका.

"सर, मग गेटसमोरच घेऊ की!" घ्या, पण भाडंही तसंच असणार. आणि गेट हलवलं तर? सगळा धंदा एका फाटकावर टांगलेला. चार गल्ल्या मिळतात तिथे एक वाट बंद झाली तरी तीन उरतात.

टोकन देण्याआधी एक काम करा. गाळ्यापासून प्रत्येक दिशेला पाच मिनिटं चाला. वाटेत किती बिल्डिंगांची दारं लागली, ते वहीत लिहा. भिंती लागल्या तर तेही लिहा. भाव करायला मग बसा.