तुम्हाला काय कळतंय?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आपण द्वेष करीत नाही. तरी खोलीसाठी कर्ज काढताना त्यांना विचारीत नाही. दवाखान्यात त्यांचे दुखणे आपणच सांगतो. कमी ऐकू येऊ लागले तर ‘वयच झाले’ म्हणतो, कान तपासून घेत नाही. हा पूर्वग्रह मायेच्या आड लपतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील ६६० जणांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःच्या म्हातारपणाविषयी चांगले मत असणारी माणसे सुमारे ७.५ वर्षे जास्त जगलेली आढळली. हे मत घरच्यांच्या बोलण्यानेही बनते. म्हणून ‘तुम्हाला काय कळतंय, गप बसा’ हे बोलणे आजपासून आपण बंद करू या.