बाबांची सायकल काढून घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ मुलाच्या खांद्याचा आधार घेत माझ्या दवाखान्यात आले. उजवे कोपर आणि गुडघा सोलवटलेला, कपडे चिखलाने माखलेले. अंबरनाथच्या उड्डाणपुलाचा उतार उतरताना पुढची रिक्षा अचानक थांबली आणि काकांची सायकल तिच्यावर जाऊन आदळली. मी जखमा धूत असताना चिरंजीव म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्हीच यांना सांगा. हे काय सायकल चालवायचे वय आहे? उद्याच भंगारात देऊन टाकतो." मी मान डोलावली. काका एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ब्रेक मी वेळेवर दाबला होता. तो लागला नाही."

ते मी ऐकले, परंतु मनावर घेतले नाही. पडण्याचे कारण वय हेच असणार, असे मी तपासण्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

दोन दिवसांनी काका पट्टी बदलण्यासाठी पायी आले, तेव्हा वाटेत त्यांना दोनदा बसावे लागले होते. त्यांच्या गुडघ्यांची झीज मला ठाऊक होती. चालताना शरीराचा सारा भार गुडघ्यांवर येतो; सायकलवर त्यातील बराचसा बैठकीवर जातो. त्यामुळे अर्धा किलोमीटर चालू न शकणारा माणूस तीन किलोमीटर सायकल सहज चालवतो. भाजी, बँक, वाचनालय, जुन्या सहकाऱ्यांची भेट, हे सारे काकांना त्या सायकलमुळेच साधत होते. ती भंगारात गेली असती, तर काका घरात बसले असते. आणि या वयात घरी बसलेल्या माणसाच्या स्नायूंची शक्ती किती झपाट्याने उतरते, हे मी रोज पाहतो. मी त्यांना म्हटले, "काका, सायकल हातात धरून घेऊन या. आधी तिची तपासणी करू."

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातील एका जुन्या कारागिराकडे आम्ही गेलो. सायकल काळी, उंच, सळ्यांच्या ब्रेकची. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि काडेपेटीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या अंबरनाथकरांच्या पिढीला हा नमुना चांगला परिचयाचा आहे. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सायकली बनवू लागली. त्यानंतरच्या काळात अशा सायकली घरोघरी पोहोचल्या.

या सायकलीत ब्रेकला तार नसते. हँडलखालची मूठ दाबली की सळई वर ओढली जाते आणि तिच्या टोकाशी असलेली, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराची पट्टी वर येते. या पट्टीवरील दोन रबरे रिमच्या आतल्या बाजूला, तारांच्या दोहों अंगांस, एकाच वेळी टेकली पाहिजेत. काकांच्या सायकलीत पुढचे चाक चिमट्यात एका बाजूला सरकले होते आणि रिकिबीला जागेवर ठेवणारी पकड ढिली झाली होती. परिणामी डावे रबर आधी टेकायचे, तेही तिरपे. उजवे तारांच्या बाजूला झुकून अधांतरी राहायचे. एकट्या रबरावर जोर आला की रिकीब पिळवटायची आणि हाताची बरीचशी शक्ती तिथेच वाया जायची. त्यात रिम ओली होती. पोलादी रिमवर पाणी असताना ब्रेक फारच कमी धरतो.

कारागिराने आधी चाकाचे नट सैल करून ते चिमट्याच्या मध्यावर आणले, चाक फिरवून रिम डुलत नाही याची खात्री केली, मग रिकीब सरळ करून पकड आवळली आणि शेवटी रबरे बदलली. हा क्रम लक्षात ठेवावा. चाकच वाकडे असेल, तर रबरे कितीही जुळवली तरी पुन्हा बिघडतात.

आपल्या घरी तारेच्या ब्रेकची सायकल असेल, तर पुढील गोष्टी घरच्या घरी पाहता येतील. ब्रेक हळूहळू दाबावा. दोन्ही रबरे रिमला एकाच क्षणी टेकली पाहिजेत. एक आधी टेकत असेल, तर ब्रेकचा मधला नट सैल करून तो मध्यावर आणावा. रबराचा संपूर्ण पृष्ठभाग रिमवरच बसावा. तो वर टायरला घासला, तर टायर कापला जाऊन चालत्या सायकलीत फुटू शकतो. रिमच्या खाली उतरला, तर तारांत अडकण्याची भीती असते. ब्रेक कर्कश ओरडत असल्यास रबराचे पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकेल असे बसवावे. त्यासाठी मागच्या टोकाखाली जाड कागदाचा तुकडा ठेवून ब्रेक दाबून धरावा आणि नट आवळावा. आवळताना रबर नटाबरोबर फिरते, म्हणून ते बोटांनी घट्ट धरावे. रबराची खोबण एका बाजूने उघडी असेल, तर बंद बाजू पुढेच हवी. उलट बसवल्यास ब्रेक लावताच रबर निसटून बाहेर येऊ शकते. रबरावरील खाचा पुसल्या गेल्या असतील किंवा ते दगडासारखे कडक झाले असेल, तर ते बदलावे. साखळीला तेल देताना रिमवर थेंबही पडू देऊ नये. पडलाच तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा.

अखेरची परीक्षा सोपी आहे. सायकलशेजारी उभे राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक फिरता कामा नये. मागच्या ब्रेकची परीक्षाही अशीच घ्यावी. मूठ पूर्ण दाबली तरी ती हँडलला टेकू नये.

ब्रेक नीट झाल्यावर मी काकांना तो दाबून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित आक्रसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात होता. त्याविषयी त्यांनी घरी कधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर सायकल आधीच गेली असती! म्हणजे दोष दोन ठिकाणी होता आणि दोन्ही ठिकाणी उपाय होता. अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि हाताचे व्यायाम यांनी दीड महिन्यात दुखणे बरेच कमी झाले. आपल्या घरातील ज्येष्ठांना बरणीचे झाकण उघडताना त्रास होतो का, रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात का, हे आपुलकीने विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर डॉक्टरांना हात दाखवावा.

मात्र सायकल थांबवण्याची वेळही येते, हे मान्य केले पाहिजे. चक्कर किंवा फिट येत असेल, इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्यांमुळे साखर एकाएकी उतरत असेल, मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, मान मागे वळत नसेल, तर उपचार होईपर्यंत सायकल बाजूला ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागल्यास जखम दिसो वा न दिसो, त्यांना त्वरित रुग्णालयात न्यावे. वृद्धांमध्ये डोक्यातील रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी प्रकट होतो; डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा वागण्यातील बदल यांकडे त्या काळात लक्ष असावे.

काका आज सायकल चालवतात. अंधार पडण्यापूर्वी घरी येतात, हेल्मेट घालतात आणि पावसात पुलाचा उतार सायकल हातात धरून उतरतात. या तिन्ही अटी त्यांनी स्वतः मुलासमोर कबूल केल्या. मुलानेही एक काम अंगावर घेतले आहे. दर रविवारी तो पाना घेऊन चाक आणि रबरे तपासतो. परवा तो औषधे न्यायला आला होता, तेव्हा नखांत ग्रीसचा काळा डाग दिसला.

तेव्हा वाचकहो, या पंधरवड्यात आपल्या घरातील सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. आणि ती चालवणाऱ्याचे हातही आपल्या हातांत घेऊन पाहावेत.