केबिनचं दार

आमच्या कॉलेजात सरांच्या केबिनला अर्धं झुलतं दार होतं. खालून त्यांच्या चपला दिसायच्या, म्हणजे सर आत आहेत. तीन वर्षांत मी ते दार एकदाही ढकललं नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शंका विचारायला जाणं म्हणजे पुढंपुढं करणं, हा माझा ठाम समज. जाणाऱ्यांना आम्ही ‘चमचे’ म्हणायचो. चमच्यांना सगळं आधी कसं कळतं, याचं कोडं मात्र पडायचं.

अँथनी अब्राहम जॅक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचं ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ (२०१९) वाचताना ते दार आठवलं. जॅक मायामीतल्या गरीब घरचा. ॲमहर्स्टसारख्या श्रीमंती कॉलेजात शिकला, मग हार्वर्डमधून पीएचडी. एका बड्या विद्यापीठातल्या (नाव त्यानं झाकलंय) मुलांशी तो बोलत राहिला. गरीब मुलांतही त्याला दोन तऱ्हा दिसल्या. काही जण शिष्यवृत्तीवर खासगी शाळांतून आलेले; खिसा रिकामाच, पण शिक्षकांशी बोलायची भीड चेपलेली. बाकीचे थेट वस्तीतल्या सरकारी शाळेतून. जॅक स्वतः पहिल्यांतला. शाळेचं शेवटचं वर्ष त्याला खासगी शाळेत मिळालं होतं.

‘ऑफिस अवर्स’चंच, म्हणजे प्राध्यापकांना केबिनमध्ये भेटायच्या वेळेचंच बघा. प्राध्यापक पहिल्या तासाला सांगतात, अमुक वारी, अमुक वेळी, अमुक खोलीत. कधी आणि कुठे ते कळतं. ही भानगड काय, ते कुणी सांगत नाही. सरकारी शाळेतून आलेल्या मुलाला वाटतं, आपलं काम चोख असलं की पुरे, सरांच्या मागे कशाला लागायचं? आणि शिफारसपत्रं, संशोधनातली कामं, ओळखी जमतात त्या नेमक्या त्याच खोलीत. आमचे चमचे, थोडक्यात, शहाणे होते.

पुस्तकातलं मार्चच्या सुट्टीचं प्रकरण जास्त झोंबतं. कॅन्टीन बंद. सगळी मुलं घरी नाहीतर समुद्रावर जाणार, हे विद्यापीठानं धरूनच चाललेलं. तिकिटाला पैसे नसलेली मुलं मागे राहतात आणि अर्धपोटी दिवस काढतात. जॅकनं ॲमहर्स्टमध्ये असे दिवस स्वतः काढलेले. त्यानं हा विषय लावून धरल्यावर काही कॉलेजांनी सुट्टीतही कॅन्टीन चालू ठेवलं.

आमची मेस दिवाळीत बंद व्हायची. एका वर्षी एसटीचं भाडं वाचवायला मी होस्टेलवरच राहिलो. सकाळी चहा-खारी, रात्री केळी. तिसऱ्या दिवशी जिन्यात रेक्टर भेटले.

“काय रे, घरी नाही गेलास?”

“अभ्यास आहे, सर.”

“शाब्बास,” म्हणाले, आणि फराळाला घरी गेले.