बंद करण्याआधी एकदा डोकावून बघा!

प्रोजेक्टचा डेमो सुरू आहे, समोर एक्स्टर्नल बसलेत आणि अ‍ॅप अचानक हँग होतं. तुम्ही काय करता? बहुतेक जण बंद करून पुन्हा सुरू करतात. चाललं की सुटलो! पण ते का अडकलं होतं, हे कळलं का? नाही. उलट कळण्याची संधीच आपण पुसून टाकली.

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, हे आपल्याला पाठ असतं. डेडलॉकच्या ४ अटीही व्हायवात घडाघडा सांगता येतात. पण चालू थ्रेड आत्ता नेमका कुठल्या ओळीवर आहे, हे बघायचं कसं? ते पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ते अवघड नाहीच. जावाचं उदाहरण घ्या. जेडीकेसोबत ‘जेस्टॅक’ नावाचं टूल फुकट मिळतं. त्याला चालू प्रोग्रॅमचा प्रोसेस आयडी द्या. प्रोग्रॅम क्षणभर थांबतो, प्रत्येक थ्रेड कुठल्या मेथडमध्ये आहे, कुठलं लॉक धरून बसलाय, कशाची वाट बघतोय याची यादी देतो आणि पुन्हा कामाला लागतो. यालाच थ्रेड डम्प म्हणतात. एकाने भागत नाही, काही सेकंदांच्या अंतराने ३ घ्या. तिन्हींत एखादा थ्रेड त्याच ओळीवर ‘ब्लॉक्ड’ दिसला, तर तो बिचारा अडकलाय. खरा चोर ते लॉक दाबून बसलेला दुसरा थ्रेड. त्याचंही नाव त्याच डम्पमध्ये सापडतं.

मग थ्रेडला मध्येच थांबवून बघितलं तर? जावात त्यासाठी ‘सस्पेंड’ होतं. पण थांबवलेल्या थ्रेडकडे एखादं लॉक असेल आणि बघणाऱ्यालाही तेच लागलं, तर दोघंही कायमचे अडकतात. म्हणूनच १९९८मध्ये जावा १.२ने ते वापरू नका, असं सांगितलं. जागोजागी प्रिंट टाकणंही निरुपद्रवी नाही. त्याने थ्रेड्सचं टायमिंग बदलतं आणि बग लपून बसतो.

‘रीस्टार्टने काम होतंय ना, मग कशाला डोकं लावायचं?’ असं म्हणणाऱ्यांनी नासाच्या पाथफाइंडरची गोष्ट वाचावी. जुलै १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं हे यान काही दिवसांतच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. यान वाचत होतं, पण दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम बुडायचं. इंजिनीअर्सनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर प्रत्येक टास्कची नोंद ठेवत तोच घोळ पुन्हा घडवला. हवामानाची माहिती गोळा करणारा कमी महत्त्वाचा टास्क लॉक धरून बसायचा, मधले टास्क त्याला पुढे सरकू द्यायचे नाहीत आणि जास्त महत्त्वाचा टास्क ताटकळत राहायचा. कारण कळलं, तेव्हा दुरुस्ती थेट मंगळावर पाठवता आली.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला सांगतात, घटनास्थळ आधी नीट बघा, मग बोला. कोडचंही तसंच आहे. उद्या तुमच्या प्रोग्रॅमवर कुणाचं तिकीट, कुणाची फी अवलंबून असेल. तिथे ‘सर, रीस्टार्ट केलं’ हे उत्तर चालणार नाही.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला मुद्दाम डेडलॉक होणारा छोटा प्रोग्रॅम लिहा आणि जेस्टॅक लावा. डेडलॉक कुठे झालाय, ते तो स्वतःच लिहून देतो. बघाच एकदा!