जुन्या बॅटरीचा सौदा

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर शिरला आणि पुष्कळ ठिकाणी वीजपुरवठा सुधारला तरी तो तेथेच राहिला. शाळेची संगणक-खोली, बँकेची शाखा, सरकारी कचेरी यांचेही त्याच्यावाचून भागत नाही. मात्र जिन्याखाली ढकललेल्या त्या जड बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिसे व त्याची संयुगे यांचे असते आणि पट्ट्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात, याची आठवण दिवे जाईपर्यंत कोणाला होत नाही.

तिची देखभाल अवघड नाही. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून ती खेळत्या हवेत ठेवावी, देव्हाऱ्यातील समई वा शेगडी तिच्यापासून दूर असावी. पातळी उतरली की डिस्टिल्ड वॉटरच घालावे, कारण नळाच्या पाण्यातील क्षारांनी पट्ट्या खराब होतात. एवढीही तसदी न घेणारी मंडळी बॅटरी लवकर गेली की कारखानदाराला बोल लावतात, ही गोष्ट वेगळी.

खरा प्रश्न निकामी झालेल्या बॅटरीचा आहे. शिशाला भाव असल्याने ती कोणी उकिरड्यावर टाकत नाही. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रक्कम वजा करतो. दारावरचा भंगारवाला त्याहून शे-दोनशे अधिक देऊ करतो, आणि सुशिक्षित गृहस्थ ते आनंदाने खिशात घालतो. हे वरचे पैसे येतात कोठून? आम्ल निर्धोक करण्याचा, धूर गाळण्याचा, कामगाराला हातमोजे देण्याचा खर्च जो करीत नाही, त्यालाच ते परवडतात. आम्ल गटारात जाते, कवच कुऱ्हाडीने फुटते, पट्ट्या उघड्या भट्टीत वितळतात आणि शिशाची धूळ वस्तीतील मुलांच्या अंगात भिनते. तिने मेंदूची वाढ खुंटते, आणि ती हानी भरून येत नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत याच धंद्यापायी नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे युनिसेफच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे.

नियम नाहीत असे नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर टाकली होती; २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकांना अधिक बांधून घेतले आणि ग्राहकाचेही कर्तव्य सांगितले. परंतु कचेरीतील बॅटऱ्यांचे निर्लेखन होते तेव्हा लेखापरीक्षणाच्या धाकाने कारकून सर्वाधिक बोलीकडे पाहतो. बिचाऱ्याचा दोष नाही. कमी बोली स्वीकारली तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. निविदेच्या अटींतच, नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याखेरीज कोणाची बोली उघडली जाणार नाही, असे एक कलम वरिष्ठांनी घातले तर त्याची या पेचातून सुटका होईल. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत, जुन्या बॅटरीची वजावट पावतीवर स्वतंत्र छापण्याची आणि ती भंगाराच्या भावाशी टक्कर देईल इतकी ठेवण्याची सक्ती उत्पादकांवर व्हावयास हवी.