शिक्षकाने एकटे का राहावे?

आज 5 ऑक्टोबर, जागतिक शिक्षक दिन. महिन्यापूर्वीच्या शिक्षक दिनाला भोसरीतल्या शाळाशाळांत गुलाबाची फुले वाटली गेली, सत्कार झाले. आजच्या दिवसाचे मूळ वेगळे आहे. 1966 साली याच तारखेला पॅरिसमध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशी मंजूर झाल्या. शिक्षकांच्या संघटना शिक्षणाला पुढे नेऊ शकतात, म्हणून धोरण ठरवताना त्यांना सामील करून घ्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

भोसरीसारख्या कामगारांच्या गावाला युनियन समजावून सांगायला नको. पण त्याच कामगाराच्या मुलाला शिकवणारी, विनाअनुदानित शाळेतली तरुण शिक्षिका बहुधा कोणत्याच संघटनेत नसते. 'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगितले की ती मुकाट्याने घरी बसते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. मुदत उलटली की लढाई अवघड होते. संघटनेत असती, तर कायद्याचे जाणकार कोणीतरी वेळेत भेटले असते.

वेतन, बदल्या, पेन्शन यांसाठी आपल्या शिक्षक संघटना झुंजल्या. मार्च 2023 च्या संपात जुन्या पेन्शनसाठी शिक्षक रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. खंत एवढीच, की वर्गातल्या अडचणींवर तितक्याच तळमळीने बोलणारी बैठक क्वचितच भरते.

पाचवीच्या वर्गातले एक उदाहरण घ्या. 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5, असे कितीतरी मुले लिहितात. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. भोसरीतल्या ज्या मुलाचे वडील वर्कशॉपमध्ये आहेत त्याला 'सूत' ठाऊक असते. आठ सूत म्हणजे एक इंच. अर्धा इंच चार सूत, पाव इंच दोन, मिळून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. छेद समान कशासाठी करायचे, ते इथे चटकन कळते. एखाद्या शिक्षकाला ही युक्ती सुचते आणि त्याच्या वर्गापुरतीच राहते. तो निवृत्त झाला की तीही जाते. तीच त्याने दहा सहकाऱ्यांपुढे मांडली, तर कोणीतरी विचारीलच, 'एक तृतीयांशाचे काय? तिथे सूत चालत नाही!' आणि खरे काम तिथून सुरू होईल.

अशी देवाणघेवाण आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. पुढे 'शिक्षणपत्रिके'तून एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचू लागला. पगाराची लढाई आणि शिकवण्याची चर्चा या दोन्ही गोष्टी शिक्षकाच्या हक्काच्या आहेत, आणि दोन्हींना माणसे लागतात.

महापालिकेने आपल्या शिक्षकांची विषयवार बैठकांतली हजेरी कामातच धरावी. संघटनेची पावती फाडणाऱ्या शिक्षिकेकडे संस्थाचालकांनी संशयाने पाहू नये. आणि संघटनांनी विनाअनुदानित शाळांच्या दारांत स्वतःहून जावे, तिथल्या तुटपुंज्या पगाराला झेपेल एवढीच वर्गणी ठेवावी.